ताडपत्रीखालची ओल

माझी बायको डेझी गेली ती मे महिन्यात, बोटी पाण्यातून वर ओढायच्या दिवसांत. मला घरातून हलू दिलं नाही. आमच्या उत्तनच्या गल्लीत रीत अशी, की मयताच्या घरच्या माणसाने महिनाभर कामाला हात लावायचा नाही आणि गल्लीने केलेल्या कामाला नावंही ठेवायची नाहीत. शेजारच्या मार्कने माणसं जमवून आमची बोट किनाऱ्यावर चढवली. जाळी, दोर सगळं आतच रचलं. वर नवी निळी ताडपत्री घालून चारी बाजूंनी दगडांनी दाबून टाकली. मला ते दारातून दिसत होतं, पण घरात लोक प्रार्थनेला बसले होते, उठून सांगता आलं नाही.

मी मासळी आणायचो आणि डेझी ती भाईंदरच्या बाजारात विकायची. ती नाही तर आणून कुणाला देऊ? या वर्षी बोट उतरवायची नाही असं मी ठरवलं. आमचा मुलगा ग्लेन मालवाहू जहाजावर असतो. आईला पुरलं त्या संध्याकाळी तो म्हणाला, "पप्पा, बोट राख. माझं काँट्रॅक्ट संपलं की मी जहाज सोडतो. आपण दोघं जाऊ. टॅनिया विकायचं बघेल." टॅनिया त्याची बायको. तिनेही मान हलवली.

तेव्हा मला काम एकच होतं. तो येईपर्यंत लाकूड सुकं ठेवायचं.

महिना संपल्यावर मी जाऊन ताडपत्रीचं टोक उचललं. आतून गरम, कुबट वाफ आली. हात आत घातला तर जाळी ओली. जाळी ठेवायच्या आधी गोड्या पाण्यात धुवावी लागतात, नाहीतर त्यातलं मीठ हवेतलं पाणी ओढत राहतं. ती तशीच ठेवली होती. बोट झाकताना मध्ये उंच बांबू घालायचा आणि पुढची-मागची बाजू उघडी सोडायची, म्हणजे वारा फिरतो. इथे वाऱ्याला वाट नव्हती. साचलेलं पाणी वाहून जावं म्हणून काढायचं ते बुडातलं बूचसुद्धा काढलेलं नव्हतं आणि ते जाळ्यांच्या ढिगाखाली गेलं होतं. तो ढीग माझ्या एकट्याने हलला नाही.

मी दोन्ही टोकं काठ्यांवर उचलून ठेवली. संध्याकाळी गेलो तर पुन्हा बंद. पाऊस आत जाईल म्हणून मार्कने केलं होतं.

मी त्याला नीट सांगितलं. ओल बाहेरून येत नाही, आत कोंडलेली आहे, जाळी काढायला हात दे. त्याने ऐकून घेतलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अंकल, आंटीची आठवण येते म्हणून तू सारखा इथं येतोस. मला समजतं. बोटीला काय न्हाय झालं. तू घरी बस."

त्याच्या बायकोने त्या रात्री मला जेवण पाठवलं.

मी दुसऱ्यांनाही सांगून पाहिलं. बोटीचं बोलायला लागलो की माणसं डेझीचं बोलायला लागायची. कुणी चर्चमध्ये तिच्या नावाने मिस्सा ठेवू म्हणायचं, कुणी नवघरला दिलेल्या मुलीकडे जाऊन राहा म्हणायचं. मी काठ्या लावायचो, कुणीतरी काढायचं. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता, म्हणून भांडताही येईना. असा पावसाळा गेला.

ऑक्टोबरच्या उन्हात मी मार्कला म्हटलं, एकदा उघड आणि तूच बघ. ताडपत्री निघाली. जाळ्यांवर पांढरी बुरशी चढली होती. मार्कने जाळी भराभर बाहेर फेकली. मी बुडाच्या फळीवर अंगठा दाबला. तो नखापर्यंत आत गेला. पुढची फळी तशीच. त्याच्या पुढचीही.

ग्लेनला व्हिडिओ कॉल करून मी सगळं दाखवलं. बघून त्याने विचारलं,

"फळ्या बदलून होईल?"

"बूडच गेलंय रे. नवी बांधल्यासारखं होईल."

"मग मी येऊन काय करू, पप्पा?"

तो रागावला नव्हता, खरंच विचारत होता. मग तोच म्हणाला की कंपनी पुढच्या काँट्रॅक्टचं विचारते आहे, या आठवड्यात कळवायचं आहे. मी म्हटलं, हो म्हणून कळव.

फोन ठेवला. मार्क ताडपत्री परत ओढायला लागला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "अंकल, टोकं उघडी ठेवू ना?"

मी म्हटलं, "आता कशीही बांध." आणि दुसरी बाजू धरली.