खांबाचा देव

‘खांबाला हात लावायच्या आधी जमिनीला इचारायचं, बेटा. जमीन हो म्हनली, तरच वर चढायचं.’

खाजामियाँ जाऊन एक हिवाळा सरला होता. तरी अर्जुनरावांच्या गच्चीचा जिना चढताना सायलीला तो आवाज पाठीमागून आल्यासारखा वाटला आणि ती अर्ध्या जिन्यातून खाली उतरली.

अंगणात मांडवाची धांदल चालली होती. उद्या अर्जुनरावांच्या रविराजचं लग्न. तलवाड्याच्या पुढच्या त्या वस्तीत अर्जुनरावांचं घर सगळ्यांत मोठं, आणि त्यांच्याच गच्चीवर इंटरनेटचा लोखंडी खांब होता. त्या खांबावरून आसपासच्या वस्त्यांना नेट जायचं. आठवडाभर ते सारखं बंद पडत होतं, वरचं यंत्र दोनदा जळून गेलं होतं, म्हणून सायलीला बोलावलं होतं.

सायली बीडला कॉम्प्युटर आणि कम्युनिकेशन नेटवर्कच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती. शिकता शिकता हाताला काम कळावं म्हणून ती गेवराईत खाजामियाँच्या दुकानात लागली. नेटचे सिग्नल कसे धावतात ते कॉलेजात शिकवत. ते बाभळीच्या शेंड्यांवरून, माकडांच्या तावडीतून आणि लोकांच्या मर्जीतून कसे न्यायचे, ते खाजामियाँनी शिकवलं. ते गेल्यावर त्यांची लेक हाफिजा दुकानात बसू लागली आणि गच्च्या सायलीच्या वाट्याला आल्या.

खाली येऊन ती कडुनिंबाजवळ गेली आणि थबकली. तिथे माती नव्हतीच. सगळ्या अंगणात लाल-करडे पेव्हर ब्लॉक बसवले होते.

“काकू, हितला देव कुठं गेला?”

अर्जुनरावांच्या पत्नी वनमालाकाकू हळदीच्या हातांनीच बाहेर आल्या. त्यांचा चेहरा खुलला.

“हलवला की! भटजीला इचारून, मुहूर्त काढून, नारळ फोडून. आता बघ कसा थाटात बसलाय, फाटकापशी.”

त्या देवाची गोष्ट सगळ्या वस्तीला ठाऊक होती. खांब उभा केला तेव्हा खाजामियाँनी त्याच्यापासून एक तांब्याची पट्टी भिंतीवरून खाली आणली होती आणि कडुनिंबाजवळच्या खड्ड्यात, मीठ-कोळशात पुरलेल्या नळीला जोडली होती. वीज आली तर तिनं घरात न शिरता जमिनीत जावं, एवढ्यासाठी. पण जमीन ओली असेल तरच ती वीज पोटात घेते. म्हणून ते काकूंना म्हणाले होते, “वहिनी, उन्हाळाभर हितं रोज तांब्याभर पानी घाला. घर राखील तुमचं.”

काकूंचे नेम पुष्कळ. तुळशीचं पाणी, गुरुवार, चतुर्थी, चातुर्मासात एक धान्य. त्यात हा एक वाढला. तुळशीला पाणी घातलं की तिथे घालायचं. घातलं की हात जोडायचे. हात जोडले की कुंकू लावावंसं वाटायचं, आणि कुंकू लावायला काहीतरी हवं म्हणून गोदावरीतला एक गुळगुळीत धोंडा तिथे आला. मग शेजारच्या बायकाही यायला लागल्या. खाजामियाँना हे दिसलं तेव्हा ते दाढीतल्या दाढीत हसले. “ऱ्हाऊ दे, सायली. भीतीनं कुनी रोज पानी घालत न्हाई. भक्तीनं घालतं.”

आता फाटकाजवळ चकचकीत फरशीचा ओटा होता. त्यावर धोंडा. ओला. ताजं फूल वाहिलेलं.

“एक दिस चुकला न्हाई माझा,” काकू म्हणाल्या. “ताप आलता तवासुदिक घातलं.”

सायली भिंतीपाशी गेली. वरून येणारी पट्टी माणसाच्या उंचीवर संपत होती. पेव्हर बसवणाऱ्यांनी ती कापून, टोक वळवून खिळ्याला अडकवलं होतं. त्या टोकाला कुणीतरी झेंडूचं तोरण बांधलं होतं. तिनं मीटर लावला. जमीन काहीच बोलली नाही.

ती गच्चीवर गेली तेव्हा खांबाला हात न लावताच तिला दिसलं. मांडवाचा मोठा आडवा पाइप कठड्यावरून ओढून थेट खांबालाच तारेनं आवळला होता. त्या पाइपाला सगळा मांडव टांगलेला. खांबाच्या बरोबर खाली गुरांचं पत्र्याचं शेड. शेडात एक दावं रिकामं होतं.

खाली येऊन तिनं काकूंना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं: पट्टी कापलेली, नळी कोरडी, आणि आता खांबावर वीज आली तर ती मांडवात उतरेल. काकूंना पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं. त्यांनी फाटकाकडे पाहिलं, मग पायाखालच्या ब्लॉककडे.

“मंग मी एवढे दिस पानी कुनाला घातलं गं?”

सायलीनं मीटर बंद केला.

ओसरीत छबुबाई सुपारी कातरत बसल्या होत्या. अर्जुनरावांची थोरली बहीण. त्यांचे कान तिखट.

“काय कुजबूज चाललीय? खांब आजारी हाय का?”

“आत्याबाई, हितली कालवड कुठं गेली?”

“गेली! कुंकवाच्या दिवशी नवरी मुलगी घर बघाया आलती. उंबऱ्यात पाय टाकला अन् कोरड्या आभाळातून एकच लोळ आला. कालवड जागेवर आडवी.” त्यांनी अडकित्ता मिटला. “पांढऱ्या पायाची हाय पोरगी. म्या तवाच म्हनलंतं.”

ती नवरी मुलगी मोहिनी होती. कॉलेजच्या लॅबमध्ये दोघी एकाच कॉम्प्युटरवर बसत. मोहिनीनं केबलचं टोक बसवलं की ते पुन्हा कधी बसवावं लागत नसे. शेवटचं वर्ष लागलं आणि तिला स्थळ आलं. लग्नानंतर पुरं कर, असं घरचे म्हणाले, आणि लॅबमधली ती खुर्ची सायलीनं पिशवी ठेवायला वापरायला सुरुवात केली.

“कालवड खांबानं गेली, आत्याबाई. वीज खांबावर आली, जमिनीत जायाला वाट न्हाई, म्हनून शेडात उतरली. मोहिनीचा काय संबंध?”

“आगं बया! खांबाचा वकील आला की!”

छबुबाई हसल्या. अर्जुनराव मांडववाल्याशी बोलत होते, ते ऐकून आले. माणूस वाईट नव्हता. आधी चहा सांगितला, मग विचारलं.

“काय म्हनती आमची इंजिनेर?”

“काका, चार ब्लॉक काढावं लागतील. खाली जुनी नळी हाय, तिला पट्टी जोडते. अन् मांडवाचा पाइप खांबावरनं सोडवा.”

“मुहूर्तमेढ रवल्यावर अंगनात कुदळ घालू? लोक काय म्हनतील? अन् पाइप सोडला तर मांडव माझ्या डोस्क्यावर येईल.”

“मंग कुंपनाच्या भायेर नवा खड्डा घेते.”

“घे की. लगीन होऊ दे, मंग दहा घे. आज आपलं नेट चालू कर. पुन्याचे पाव्हने मोबाइलवर बघनार हायेत.”

“नेट चालू करत न्हाई, काका.”

“कावून?”

“वर चढायला जमीन न्हाई म्हनती.”

अर्जुनरावांनी बशी खाली ठेवली. आवाज चढवला नाही, उलट उतरवला.

“हे बघ पोरी. कालवड कुनाच्या पायानं गेली, ते आमच्या घरात ठरलंय. उद्या आनखी काय झालं, तर तेबी ठरंल. तू त्यात पडू नको.”

मांडववाल्याला त्यांनी हात केला. पुढचा पाइप चढला.

फाटकापाशी काकूंनी तिला गाठलं. त्यांच्या हाताची हळद सायलीच्या मनगटाला लागली.

“भायेरच्या अंगाला खड्डा मी गड्याकडून घेऊन ठिवते. ह्यांना मी बघते. तू येशील?”

सामान गेवराईला होतं. आज परत यायला गाडी नव्हती. “उद्या सकाळी माझी तोंडी परीक्षा हाय काकू, बीडला. शेवटची. ती झाली की लगेच येते. लगीन गोरजावर हाय ना? त्याच्या आधी पोचते.”

“शब्द दे.”

“दिला.”

“मला अजून सून मिळाली न्हाई गं,” काकू म्हणाल्या, “अन् तिला नाव मिळालं.”

परतीच्या जीपमध्ये मोहिनीचा फोन आला.

“काय मग, माझं सासर बघून आलीस? तिखट हायेत का लोकं?”

“आत्याबाई हायेत तुझ्या. मिरच्यांची गरज न्हाई.”

मोहिनी खळखळून हसली. मग एकदम थांबली. “कालवडीचं सांगितलं ना तुला? त्या दिवसापास्नं रविराज फोनवर नुसतं हूं हूं करतेत. आई म्हनती, उद्या उजवा पाय आधी टाक. सावकाश टाक.”

“मोहिनी, ऐक, तिथली पट्टी…”

“कापलेली हाय. खिळ्याला गुंडाळलीय. माहीत हाय मला.”

जीपमधली एक म्हातारी, कोंबडी पोटाशी धरून, सायलीकडे बघत होती.

“तुला कधी दिसली?”

“कुंकवाच्याच दिवशी. कालवड जायाच्या आधी. बोलायला तोंड उघडलंतं मी. पन डोक्यावर पदर होता अन् समोर सगळे बसलेले. नव्या नवरीनं काय म्हनायचं, तुमचं अर्थिंग तुटलंय?” तिनं हसायचा प्रयत्न केला. “तुझी तोंडी हाय ना उद्या? घाबरू नको. राउटिंग विचारतेत बग पहिल्यांदा. तेवढं वाचून जा.”

“मी उद्या येते तिकडं. काकूंना शब्द दिलाय.”

“परीक्षा झाल्यावर ना?”

“हां. झाल्यावर.”

“मंग ये,” मोहिनी म्हणाली, आणि फोन कापला गेला की तिनं ठेवला, ते कळलं नाही.

सकाळी सायली उठली तेव्हा हवा हलत नव्हती. अंगणातल्या शेवग्याचं पानही जागचं ढळत नव्हतं. तिनं देवापुढे दिवा लावला, कॉलेजचा गणवेश घातला, ओळखपत्र गळ्यात अडकवलं आणि स्टँडकडे निघाली. सूर्य वर आला होता, पण उजेड पितळी होता, जुन्या समईसारखा. पश्चिमेला, गोदावरीच्या पलीकडे, आभाळ खालून काळं होत चाललं होतं. वळीव दुपार टळल्यावर येतो. असं सकाळी कधी भरून येत नाही. कावळे तारांवर बसले होते आणि एकही ओरडत नव्हता.

ती स्टँडच्या कोपऱ्यावर आली आणि लांबून पहिला आवाज आला. गडगडाट नव्हे, कुणीतरी लाकडी खोक्यावरून पाटा ओढावा तसा. ती थोडा वेळ उभी राहिली. मग वळून दुकानाकडे गेली.

हाफिजा शटर वर करत होती.

“तू दुपारी येनार होतीस ना सामान न्यायला?”

“दुपारपस्तोर ते थांबनार न्हाई.” सायलीनं आभाळाकडे पाहिलं नाही, नुसती मान हलवली.

“अन् तुझी तोंडी?”

“पुढच्या वर्षी देईन.”

“वर्ष म्हंजी काय शेंगदाने हायेत का गं? बाहेरून सर येतेत, गैरहजर ती गैरहजर. ते परत न्हाई बोलवत.” हाफिजा आत गेली, तांब्याची नळी आणि पट्टीची गुंडाळी घेऊन आली, पण हातातून सोडेना. “फोन लाव त्यांना. म्हन, पाइप सोडवा, खांबापासून लांब बसा.”

“लावला. काकांनी उचलला. म्हनले, शुभ बोल.”

“अब्बा असते तर तुला बीडच्या गाडीत कोंबलं असतं अन् सोता गेले असते.”

“असते तर.”

हाफिजानं मग नळी दिली. दोन हातमोजे दिले, मिठाची पिशवी दिली. “मी येऊ संगं?”

“नको. फोनपशी ऱ्हा. आसपासच्या वस्त्यांना सांग, आज नेट बंद हाय. कुनी गच्चीवर जाऊ नका म्हनावं.”

स्टँडवर बीडची एसटी लागली होती. खिडकीतून वर्गातल्या मुलींचे हात बाहेर आले.

“ए सायले! जागा धरलीय! पळ की!”

कंडक्टरनं घंटी दिली. सायलीनं हात वर केला. त्या हाताचा अर्थ मुलींना ‘आले’ असा वाटला असावा, कारण त्यांनी अजून थोडं सरकून जागा केली. ती एसटीच्या मागून वळसा घालून तलवाड्याच्या जीपकडे गेली. एसटी धूर सोडत तिच्या समोरून बाहेर पडली.

जीपवाल्यानं नळी आत बसवून पाहिली. तिरपी केली, सीटखाली घातली. काही केल्या हातभर मागे बाहेर राहिलीच.

“ताई, ह्याला लाल फडकं बांधावं लागंल. मागून गाडीवाला आला अन् डोळ्यात गेली, तर?” त्यानं डॅशबोर्डखाली शोधलं, सीटमागे शोधलं. “च्यायला, परवाच होतं.”

पश्चिमेकडून पुन्हा तो आवाज आला. या वेळी जवळून. जीपमधल्या बायांनी पदर सावरले.

सायलीनं गळ्यातलं ओळखपत्र काढलं. लाल फितीतून कार्ड सोडवून पिशवीत ठेवलं, फीत नळीच्या टोकाला गुंडाळली, दोन गाठी मारल्या आणि एकदा ओढून पाहिली.

“चला, दादा,” ती म्हणाली.