नेक बदलायची नाही

मुरलीधरनं माझी गिटार उलटीपालटी करून पाहिली, काउंटरवर ठेवली आणि डॉक्टर लोक पेशंटच्या घरच्यांशी बोलतात तशा आवाजात म्हणाला, "दीदी, ये नेक तो गई. नवीनच टाका आता."

माझं डोकंच फिरलं. "गई म्हणजे काय रे? लग्नाआधीपासून वाजवून राहिले मी हिच्यावर!"

"म्हणूनच तर गेली," तो म्हणाला.

मुरलीधर आमच्यासारखाच मराठी, मूळचा अकोल्याकडचा, पण इथं जबलपूरच्या गढा भागातल्या त्याच्या दुकानात बसला की अर्धा हिंदीत जातो. त्यानं बोट ठेवून दाखवलं. नेक म्हणजे गिटारची ती लांब लाकडी दांडी, आणि तिच्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. सुरुवातीचे पाच-सहा फ्रेट तारांनी खाऊन टाकले होते, बोटाला खड्डे लागत होते. ते बदलता येतात, हे मलाही माहीत होतं.

"पण आता वरचे सूर वाजवा," तो म्हणाला.

मी वाजवले. प्रत्येक सुराला खर्रर्र. डब्यात माशी कोंडल्यासारखी.

"ऐकलं? नेक वाकली. वाकड्या लाकडावर नवे फ्रेट बसवून काय फायदा? माझी मेहनत पाण्यात जाईल. कलकत्त्याहून नवी नेक मागवतो."

"गणपतीच्या आधी येईल?"

"कोशिश करतो ना जी."

कोशिश म्हणजे नाही. एवढं न कळायला मी काय जबलपुरात काल आले?

दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या मंडळात गणपतीच्या शेवटच्या संध्याकाळी गाण्यांचा कार्यक्रम असतो आणि त्याची सुरुवात माझ्या गिटारनं होते. माझं माहेरही तिथलंच. मी परकरातून साडीत आले तरी हे काही बदललं नाही. पण गिटार बिघडल्याची बातमी मुरलीधरच्या दुकानातून निघाली ती सरळ मंडळाच्या अध्यक्षांकडे, भय्यासाहेबांकडे पोचली. दुसऱ्याच दिवशी ते दारात हजर.

"शैलाताई, आता आराम करा तुम्ही. आमच्या मुलानं, श्रीपादनं, कीबोर्ड घेतला आहे. त्यात गिटारचा पण आवाज निघतो. तुम्ही कोरसमध्ये टाळ्या धरा."

टाळ्या! मी चहा दिला, वर साखर कमी आहे का तेही विचारलं, पण आतून अंगाचा तिळपापड झाला होता. एकदा का तो श्रीपाद मधोमध बसला, की मला तिथून उठवलंच म्हणून समजा.

आणि नवी नेक आली असती तरी मला नको होती. हिच्या मागच्या बाजूचं पॉलिश माझ्या अंगठ्यानं घासून घासून गेलं आहे. डोळे मिटले तरी बोटं जागेवर पडतात. ही गेली तर राहिलं काय? नुसतं खोकं! भय्यासाहेब गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, खोटं कशाला बोलू.

आमचे हे, अंबादासराव, फॅक्टरीत फिटर. संसारात एकदाही तोंडानं "छान वाजवते" म्हणाले नाहीत. जीव सगळा यंत्रात. खंडेनवमीला घरातलं एक यंत्र सुटत नाही त्यांच्या हातून. शिलाई मशीन, पंखा, सायकल, माझी गिटार, सगळं खोलायचं, पुसायचं, हळदकुंकू वाहायचं आणि दसऱ्याला परत जोडायचं. मी त्या दिवशी त्यांच्या वाटेला जात नाही.

"नवीन घेऊन टाक ना मंग," जेवताना म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा!"

रागाच्या भरात मीच गिटार मांडीवर घेतली. माझे गिटारचे मास्तर, रेल्वे कॉलनीतले, सांगायचे की नेक वाकली का ते तारच सांगते. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरायची आणि मधली फट बघायची. मी बघितली. फट केसाएवढी. जाड तारेला तेवढीच, बारीक तारेलाही तेवढीच. पुन्हा बघितली. नेक सरळ होती! अगदी सरळ!

मग खर्रर्र कशाची? सरळ आहे तर बसली तिरपी असेल. मी तारा सोडल्या, ह्यांचा पेचकस उचलला आणि मागचे चारही स्क्रू काढले. आजवर ते काम ह्यांनीच केलं होतं.

नेक बाहेर आली. ती जिथं बसते त्या खोबणीच्या अगदी आतल्या टोकाला लाल थर जमलेला. वाळलेलं कुंकू, हळद, आणि त्यात घट्ट बसलेले तांदळाचे दाणे. नेकचं बूड त्यावर उचललं जाऊन तारा वरच्या फ्रेटना टेकत होत्या.

"अहो! हे काय आहे?"

ह्यांनी वाकून पाहिलं. "अक्षता आहेत."

"ते मला दिसून राहिलं! इथं काहून?"

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "तिथं जोड हाये ना तिचा. म्हणून जोडावरच वाहतो. दरसाल थोड्या. जोड मजबूत राहावा... अन् तुह्या हातात सूर राहावा."

"आणि जुन्या नाही काढायच्या?"

"देवाच्या नावानं वाहिलेल्या. झाडायच्या कशा?"

मला राग आला आणि हसूही आलं, दोन्ही एकदमच. "अहो, एवढी वर्षं तोंडानं एक शब्द नाही, आणि इथं तांदूळ कोंबत बसले!"

"बोलाले नाही जमत मले," ते पुटपुटले, आणि हात धुऊन स्वतःच खोबणी साफ करायला बसले. निघालेल्या अक्षता तुळशीत टाकल्या. नेक बसवली, तारा चढवल्या. मी सगळ्यात वरचा सूर छेडला. स्वच्छ! खणखणीत! मी जागेवरच ओरडले.

सकाळी मुरलीधरच्या काउंटरवर गिटार आपटलीच म्हणा. "नेक बदलायची नाही. फ्रेट बदल." त्यानं तार दाबून पाहिली, परत पाहिली, मग मी अक्षतांची गोष्ट सांगितली तेव्हा पोट धरून हसला. पण काम मन लावून केलं. जुने फ्रेट एकेक करून उपटले, नवे ठोकले, घासून एका पातळीत आणले. होईपर्यंत मी रोज त्याच्या डोक्यावर बसून होते.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी पाहते तर कीबोर्ड स्टेजच्या मधोमध.  मी त्याच्या पुढ्यात खुर्ची ओढली, पदर खोचला, वायर लावली आणि सुरू केलं. खालून चढत चढत वर गेले, जिथं माशी कोंडली होती तिथंच मुद्दाम जाऊन थांबले, आणि तार अशी खेचली की मागच्या रांगेतली पोरं उभी राहिली. सूर जराही फाटला नाही. श्रीपादनं हात कीबोर्डवरून उचलले आणि ताल धरला. वन्स मोर आला. दुसऱ्यांदा वाजवताना बाजूला नजर गेली, तर कोरसच्या रांगेत भय्यासाहेब स्वतः टाळ्या धरून उभे! असं सुख मला हळद लागली तेव्हाही झालं नव्हतं.

आमचे हे तिसऱ्या रांगेत होते. टाळ्या वाजवत नव्हते, नुसते डोळे पुसत होते.

पुढं खंडेनवमी आली. ह्यांनी गिटार खोलली, पुसली, पाटावर मांडली, कुंकू लावलं. मग मुठीत अक्षता घेऊन तसेच बसून राहिले. मी दारातून बघत होते.

"ह्या कुठं ठेवू आता?" त्यांनी विचारलं.

मी पुढं जाऊन त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "माझ्या डोक्यावर टाका."