रुखमिणीची पात

माझी बायको रुखमिणी रोवणी करता करता साप चावून गेली. ती धानाची बांधी, शेताचा तो बांध घातलेला तुकडा, मी दोन वर्षं पडीक ठेवली. बाकी शेत मी कसत होतो, पण त्या बांधावर आलो की पाय थांबायचे, छाती धडधडायची, अंगाला घाम फुटायचा.

आमच्या बपेरा गावात सगळे म्हणाले, बाधा आहे, मांत्रिक बोलवा. तुमसरच्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, छातीत काही नाही. दर मंगळवारी नागपूरहून एक बाई येतात, त्यांच्याशी बोला.

त्या बाई, उषाताई, औषध देत नसत. विचारत आणि ऐकत. सुरुवातीला मी धानाच्या भावाशिवाय काही बोललो नाही. तेही त्यांनी ऐकलं. मग एकदा विचारलं, "रुखमिणीबाईंचा राग येतो का?"

मी खवळलो. मेलेल्या बाईचा राग कोणी धरतं का? आणि मग बोलतच सुटलो. हो, येतो. अंधार पडला, घरी चल म्हटलं, तर म्हणाली, "एवढी पात उरली, तुमी व्हा पुढं." पात म्हणजे एका बाईनं रोवायचा पट्टा. त्या पट्ट्यासाठी मला एकटं टाकून गेली. तेरवीला सारे तिला लक्ष्मी म्हणत होते, तिथं हे कोणाला सांगणार?

"इथं सांगा," उषाताई म्हणाल्या.

त्या रात्री मी पोटभर जेवलो आणि झोपलो.

माझा धाकटा भाऊ जागेश्वर म्हणायचा, "भाऊ, लोकाईनं मंगळवारचं विचारलं तं दात दुखते म्हणून सांग." मी तसं सांगितलं नाही. मग एक दिवस तो गावचे निवाडे करणाऱ्या मारोतराव पाटलांकडे गेला. मलाही बोलावणं आलं; तिथं गाव जमलं होतं.

"भाऊ पागलाच्या डॉक्टरकडं जाऊन राहिला," जागेश्वर म्हणाला. "बांधी पडीत पाडली. शेत माह्या हाती द्या, मी कसतो."

मारोतरावांनी मला विचारलं, "टिकाराम, जातोस का तू?"

"जातो. लपून नाई जात, सगळ्याईसमोर एसटीत बसून जातो. मांत्रिकाले कोंबडा देला असता तं मले कोणी पागल म्हटलं नसतं. बाईसंग बोललो तं शेत काढून घेता?"

"मंग बांधी काहून पडीत?"

"यंदा रोवतो."

"त्या बांधीत बाया उतरत नाईत. कोण रोवंल?"

"मी."

सगळे हसले. आमच्याकडे माणसं चिखल करतात, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं वाहतात. रोवतात फक्त बाया. मारोतराव म्हणाले, "रोवली तं तुही. नाई तं जागेश्वर कसंल."

उषाताईंना सांगितलं. त्या 'जा' म्हणाल्या नाहीत, 'नको'ही म्हणाल्या नाहीत. "आधी नुसतं बांधावर बसा. मग पाय पाण्यात घाला. भीती आली तर पळू नका, तिला येऊ द्या, ओसरते. मनात येईल ते मोठ्यानं बोला." मी तसंच केलं. पहिल्यांदा पळालोच. पुन्हा गेलो.

रोवणीच्या दिवशी बाया बांधावर जमल्या. देवकाबाई ओरडली, "भाऊजी, लुगडं आणू का?"

"आण. पण हिरवं आण. रुखमिणीले हिरवं आवडे."

त्या खदखदून हसल्या. मी बांधीत उतरलो. छाती धडधडलीच. रुखमिणीची पात उरली होती तिथंच वाकलो आणि मोठ्यानं म्हटलं, "अंधार पडला होता, रुखमे. तुले म्हटलं होतं मी, घरी चल."

हसणं थांबलं. मी रोवत राहिलो, बोलत राहिलो. रडलोही. कोण पाहतंय याची मला पर्वा नव्हती.

थोड्या वेळानं देवकाबाई शेजारी उतरली. "किती दूर दूर लावून राहिले, भाऊजी! मधात म्हैस बसंल."

"बसू दे. ही पात माही होय. तू तुही पाहाय."

तिनं बाजूची पात धरली. मागून बाकीच्या उतरल्या. दुपारनंतर जागेश्वर पऱ्ह्यांच्या पेंढ्या घेऊन आला आणि एकेक माझ्याकडे फेकू लागला.

दिवस मावळायच्या आत बांधी रोवून झाली. माझी पात तेवढी वाकडी होती.

"आता तं मंगळवारचं बंद कर, भाऊ," जागेश्वर म्हणाला. "जिंकला ना तू."

"मंगळवारी एसटी पकडाची हाये. बैल तू सांभाळ."

"आन लोकाईनं विचारलं तं?"

"खरं सांगजो. दाताचं सांगशीन तं मी येऊन तोंड उघडून दाखवीन. सारे शाबूत हायेत."