वाराची गोळी

डॉक्टरांनी बाटली कानाशी नेऊन हलवली आणि विचारलं, "ही कधी घेतली?"

"जोतिबाच्या जत्रंला," बायडाबाई म्हणाली.

जत्रा चैत्रात झाली होती आणि आता दसरा तोंडावर आला होता. शंभर गोळ्यांची बाटली, रोज एक; आषाढातच संपायला हवी होती. डॉक्टरांनी ती टेबलावर उपडी केली. पाऊणशेच्या आसपास गोळ्या शिल्लक होत्या.

दोन वर्षांपूर्वी बायडाबाईच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ सगळीच्या सगळी कापून काढली होती. ही गोळी जन्मभराची, असं तेव्हाच बजावलं होतं. गळा बरा झाला, पण वर्षाच्या आत सांधे धरले. गुडघे, मनगटं, शेवटी बोटांची पेरं. अख्ख्या कळंब्यात तिच्यासारखी धार काढणारी बाई नव्हती. आता तिचीच बोटं आचळाभोवती मिटेनात. नवऱ्याला, जोतीरामला, म्हशी पान्हा चोरायच्या. येत्या आठवड्यात चारही म्हशी विकायच्या ठरल्या होत्या. त्याआधी एकदा दाखवून बघू, म्हणून तो तिला शहरात घेऊन आला होता.

"रोज घेता ना गोळी?"

"घेते की. वार सोडून."

कसले वार, ते तिने डॉक्टरांना समजावून सांगितलं. एवढं शिकलेल्या माणसाला हे कसं ठाऊक नाही, याचं तिला नवल वाटत होतं. गोळी जनावराच्या गळ्यातल्या गाठीची करतात, असं कंपाउंडर बोलून गेला होता. म्हणजे मटणच की. सोमवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार ती मटणाला शिवत नसे. श्रावण तर सबंधच पाळायचा. पुढे सांधे धरले, तसा उतार पडावा म्हणून तिने मंगळवारही धरला आणि जोतिबाचा रविवारही. उरला बुधवार.

एरवी डॉक्टर पेशंटवर खेकसायचे, पण आता चष्मा काढून ते हळू बोलले, "बाई, गाठीबरोबर अंगातलं जे गेलं, तेच ही गोळी भरून काढते. ती चुकली म्हणून सांधे धरले. तुम्ही वार वाढवत गेलात आणि दुखणं वाढत गेलं."

बायडाबाई सुन्न झाली. ज्या देवापाशी ती हात मागत होती, त्याच्याच नावाने ती हात घालवत होती. तिने जोतीरामकडे पाहिलं. तोही पांढराफटक पडला होता.

"मला ठावं हुतं की," तो म्हणाला. "दर बुधवारी मटणाबरूबर गोळी घ्यायची. मी हसायचो हिला."

डॉक्टरांनी एक गोळी आणि पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

"आज शुक्रवार हाय," ती म्हणाली.

गोठ्यातल्या चारही म्हशी तिच्या डोळ्यांपुढे आल्या. तिने डोळे मिटून गोळी गिळली.

म्हशी विकल्या नाहीत. पौषात बायडाबाई पुन्हा धारेला बसू लागली, आणि बोटं पहिल्यासारखी चालली तेव्हा गोठ्यातच ढसाढसा रडली. पण पोटात रोज ते मटण असताना देवाला हात लावायचा नाही, हे तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. औषधाला दोष नसतो, असं देवळातल्या गुरवाने सांगून पाहिलं. तिने मान डोलावली, केलं मात्र आपलंच.

आता देवपूजा जोतीराम करतो. पाणी सांडतो, कुंकू देवाच्या डोळ्यांत घालतो. बायडाबाई देवाच्या खोलीच्या दाराबाहेर उभी राहून हळूच सांगते, "आवं, फूल उजव्या हातानं घाला," आणि आपले दोन्ही हात पदराखाली धरून ठेवते.