ऊर्जासनाची करामत

त्या रविवारी वृद्धाश्रमाच्या दिवाणखान्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मुलं, सुना, नातवंडं भिंतीला खेटून उभी होती. म्हाताऱ्यांना मधोमध गोल करून बसवलं होतं. बसवलं म्हणजे काय, ते एरवीही बसलेलेच असायचे. ऊर्जागुरूंनी पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या सावरल्या आणि एका खुर्चीवर आपलं जाडजूड निळं आसन ठेवलं.

"पृथ्वी तुम्हाला खाली ओढते," ते म्हणाले. "डॉक्टरांना हे ठाऊक आहे, पण बोलणार नाहीत. बोलले तर दवाखाने ओस पडतील! हे आसन उलटं काम करतं. वर ढकलतं!"

आसनावर कंडक्टरांना बसवलं. जन्मभर धावत्या बसमध्ये उभं राहून तिकिटं फाडलेला हा माणूस खुबा मोडल्यापासून आपल्या आपण उठला नव्हता.

"पाय मागे ओढून घ्या. अहंकार सोडा, नतमस्तक व्हा. अजून वाका, अजून! हं, आता उठा!"

कंडक्टर उठले. लटपटत का होईना, उभे राहिले. त्यांची सून हुंदके देऊ लागली, टाळ्यांचा कडकडाट झाला, कुणीतरी गुरूंच्या पायांवर लोळण घेतली.

गोलात खिडकीच्या बाजूला बसलेल्या बाईंनीही टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते म्हणून. बाई शाळेत शास्त्र शिकवायच्या. नवरा गेला, घर विकलं, मुलानं इथे आणून सोडलं, आणि तेव्हापासून बाईंना कशाचंच फारसं काही वाटेनासं झालं होतं. सकाळी आश्रमातल्या कामाच्या मावशी त्यांना पलंगावरून काढून खुर्चीत ठेवायच्या, संध्याकाळी खुर्चीतून काढून पलंगावर. मधल्या वेळात समोर टीव्ही चालू असायचा. त्यात काय चाललंय हे विचारलं असतं तर बाईंना सांगता आलं नसतं.

जाताना गुरूंनी नियम घालून दिला. "शक्ती बसून साठते. उठलात, फिरलात की गळून जाते. आठवडाभर आसनावर स्थिर बसा. उठायचं ते फक्त माझ्यासमोर."

व्यवस्थापकांना हा नियम फारच पटला. बसलेला माणूस पडत नाही, पडला नाही की नातेवाईक भांडत नाहीत. त्यांनी प्रत्येकासाठी एकेक आसन मागवलं. आधी जेवायला तरी सगळे, आधारानं का होईना, टेबलापर्यंत जायचे, आता ताटं खुर्चीतच येऊ लागली. कंडक्टर तर शक्ती सांडेल म्हणून कूसही बदलेनात. त्यांच्या पाठीच्या खालच्या भागाची कातडी लाल झाली, मग सोलली. बाईंना ते दिसत होतं. पण दिसणं आणि वाटणं यांच्यामध्ये त्यांच्या मनात जाड पडदा पडला होता.

असे काही आठवडे गेले आणि एका रविवारी कंडक्टर उठू शकले नाहीत. पाय मागे घेतले, कपाळ गुडघ्यांना टेकायचंच बाकी राहिलं, पण मांड्या नुसत्या थरथरल्या.

"तुमची श्रद्धा गळकी आहे," गुरू सगळ्यांदेखत म्हणाले. "चोरून उठला असाल."

"नाही हो. देवाशपथ नाही. लघवीलासुद्धा भांडंच मागितलं," कंडक्टर पुटपुटले आणि मान खाली घालून बसून राहिले.

सूनही त्यांच्याकडे संशयानं बघत होती. बाईंना दया आली नाही, रागही आला नाही. फक्त एक प्रश्न पडला. वर्गात एखाद्या मुलानं चुकीचं उत्तर दिलं की पडायचा तसा. जो माणूस अजिबात उठला नाही, त्याची शक्ती गेली कुठे?

दुसऱ्या दिवशी त्यांनी मावशींना हाक मारली. "मावशी, आसन काढा बघू."

"अहो बाई, गुरुजींनी सांगितलंय..."

"मी पडले तर माझं नाव सांगा. पण हात तयार ठेवा."

आसन काढल्यावर बाई खुर्चीत खोल बुडाल्या. काही केल्या उठता येईना. मग त्यांनी बैठकीवर घडी घातलेल्या गोधड्या ठेवायला लावल्या, आसनाच्या उंचीइतक्या. पाय मागे, छाती पुढे, हात खुर्चीच्या दांड्यांवर. उठल्या! मग गोधड्या काढून परत आसन ठेवलं आणि पाठ टेकवून, पाय लांब सोडून बसल्या. आता आसनावरूनही उठता येईना.

"म्हणजे गोधडीतपण शक्ती आहे?" मावशींनी डोळे विस्फारले.

"उंचीत आहे, मावशी. आणि वाकण्यात."

पुढच्या रविवारी गुरूंचं प्रवचन सुरू व्हायच्या आत बाई म्हणाल्या, "गुरुजी, जरा या खुर्चीत बसता? तुमच्या आसनावरच बसा. पाठ मागे टेकवा. पाय पुढे सोडा. हात मांडीवर. आता नतमस्तक न होता उठून दाखवा."

गुरू हसत बसले. मग उठायला गेले. पोट पुढे आलं, मान ताठ झाली, चेहरा लालबुंद झाला, पण बूड काही हललं नाही. एक नातू खुदकन हसला आणि मग सगळा दिवाणखाना हसला.

"आज ग्रहमान..." गुरू चाचरले.

"ग्रह राहू द्या. शरीराचा भार पावलांवर आणल्याशिवाय धडधाकट माणसालाही उठता येत नाही," बाई सपाट आवाजात म्हणाल्या. "पाय मागे घेऊन वाकलं की भार पावलांवर येतो. बैठक उंच असली की गुडघ्यांना कमी जोर लागतो. कंडक्टर पहिल्या दिवशी उठले ते स्वतःच्या पायांनी. त्याआधी त्यांना नीट 'उठा' म्हणणारं कुणी नव्हतं, एवढंच. मग यांनी त्यांना बसवून ठेवलं. स्नायू वापरला नाही की वाळतो. शक्ती साठली नाही, होती तीही गेली. पाठीला जखम झाली ती वेगळीच."

गुरू आसन काखोटीला मारून केव्हा सटकले, कुणी पाहिलं नाही. व्यवस्थापक जमिनीकडे बघत होते.

"मग आता?" सुनेनं विचारलं. "बाबा परत उभे राहतील?"

"ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "आधी जखम डॉक्टरांना दाखवा. मग त्यांना विचारून थोडं थोडं, पण रोज, पुन्हा पुन्हा उठवायचं. चहाला, जेवायला, खिडकीपाशी जायला. चमत्कार नाही तो, म्हणून वेळ लागेल. कदाचित नाहीही जमणार."

"पण रोज कोण उठवणार?"

बाईंनी मावशींना खूण केली. मावशींनी टीव्ही बंद केला.

"जो माणूस म्हणेल, शंका घेऊ नका, नुसते बसून राहा, त्याला आधी विचारा की का," बाई म्हणाल्या. "आणि आज तुम्ही आला आहात ना? मग आजचं तुम्ही करा. मावशी दाखवतील हात कुठे धरायचा ते."

सुनेनं पर्स खाली ठेवली. मावशींनी कंडक्टरांच्या बैठकीवर गोधड्या सरकवल्या.

"बाबा," ती म्हणाली, "पाय मागे घ्या."

कंडक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि हळूहळू एक पाय मागे ओढला.