लिम घरच्या सासूबाईंचं मरण

आमच्या सासूबाई वारल्या आहेत, हे सासूबाईंना स्वतःला दिवाणखान्यातला फोटो बघून कळलं.

दिवाणखाना सेटवरचा आणि सासूबाई मालिकेतल्या. मी त्यांची थोरली सून. घर फोडणारी, धाकट्या जावेच्या सूपमध्ये कसलीतरी पूड कालवणारी, सासऱ्यांच्या मृत्युपत्रावर डोळा ठेवून बसलेली. खऱ्या आयुष्यात मी चेंग बी-शिआ, आणि मी कुणाच्या सूपमध्ये मीठसुद्धा घातलेलं नाही, कारण मला स्वयंपाक येत नाही. तरी बाजारात गेले की बायका अजून पिशव्या जवळ ओढून घेतात. एकीने तर मला तोंडावर सांगितलं होतं, "तुझं तळपट होईल बघ." मी म्हटलं, "होईल गं बाई, पण आकडे चांगले असेपर्यंत नाही होणार."

आमच्या मालिकेत कोण जगणार, कोण मरणार, हे प्रेक्षकांचे आकडेच ठरवायचे. संवादांची पानं सकाळी हातात यायची, कधी कधी तर छपाई यंत्रातून निघालेली गरमागरम, आणि मेकअप होईतो पाठ करायची. आपण आज मरणार आहोत की आपल्याला जुळा भाऊ आहे, हे भुवया काढताना कळायचं. बोलायचं सगळं मोठ्यानं आणि नाव घेऊन, कारण बघणाऱ्या बायका बघत नसायच्या, स्वयंपाकघरात भाजी निवडत ऐकायच्या. तैवानात रात्री आठ वाजता कुठल्याही गल्लीतून चाला, लिम घरची भांडणं एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत अखंड ऐकू यायची. मध्ये एक शब्द चुकायचा नाही.

मग ते संपलं. वाहिनीनं हात वर केले आणि मालिका एका ॲपनं घेतली. मोजके भाग, प्रत्येक भाग पाऊण तासाचा, शेवट आधीच लिहिलेला. आमच्यातल्या अर्ध्याजणांना शेवट ही काय भानगड असते तेच ठाऊक नव्हतं. सोबत दिग्दर्शिका आली, डायरेक्टर चान, केस बारीक कापलेली, सौम्य बोलणारी पोरगी. ती ओरडायची नाही, त्यामुळे सुरुवातीला तिचं कुणी ऐकायचंच नाही.

तर त्या सकाळी सासूबाई लिनको गावातल्या आमच्या पत्र्याच्या स्टुडिओत आल्या, हातात सोयामिल्कचा पेला, आणि सेटच्या दारातच थांबल्या. समोरच्या भिंतीवर काळ्या चौकटीत त्यांचा फोटो. खाली उदबत्तीचं भांडं, संत्री, पांढरी फुलं. सजावटवाली मंडळी ॲपची, नवी. त्यांनी प्रसिद्धीच्या फोटोंतून एक उचलला, मोठा केला आणि टांगला. त्यात कुणाला काही सांगायचं असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं.

सासूबाईंनी फोटो नीट निरखला. "हा चांगला नाही आलेला," त्या म्हणाल्या. "दाढ काढली होती तेव्हाचा आहे. गाल सुजलाय." मग पेल्यातला एक घोट घेतला आणि विचारलं, "मी कधी गेले?"

एक सजावटवाला संत्री सारखी करायला लागला. शेवटी आ-बिंग, आमचा दिवेवाला, गेली पंधरा वर्षं सेटवरच्या मचाणावर बसणारा, सुपारीची पिंक कपात टाकून वरूनच ओरडला, "लाल पाकीट दिलं का आज्जीला?"

आता हे पाकीट. आमच्याकडे पडद्यावर मरणाऱ्याला शूटिंगच्या आधी लाल पाकीट द्यायचं असतं. नुसता फोटो भिंतीवर लागणार असला तरी. आत कितीही असो, शंभराची एक नोट चालते, पण पाकीट हवं. नाहीतर खोटं मरण अंगाला चिकटतं. यावर कुणाचा विश्वास आहे का विचाराल तर सगळे हसतील, आणि पाकीट दिल्याशिवाय कॅमेऱ्याचं बटण एकजणही दाबणार नाही.

"दिलं का?" आ-बिंगनं पुन्हा विचारलं. खाली सजावटवाले एकमेकांची तोंडं बघायला लागले. आ-बिंगनं दिवे बंद केले.

निर्माते खो शेठ धावत आले. पोट सांभाळत, घाम पुसत; मग दोन्ही हातांनी लाल पाकीट पुढे धरलं. "आज्जी, चूक झाली, पोरं नवीन आहेत, पोटात घाला. घ्या." आणि वाकले, चांगले कमरेतून वाकले.

सासूबाईंनी दोन्ही हात बाह्यांत घालून घेतले.

"घेतलं की मेले," त्या म्हणाल्या. "मी अजून मेलेली नाही. आधी मला दाखवा मी कशी मेले, मग घेते."

खो शेठनी पानं दिली. पानं कसली, अर्धं पान. कथा दोन वर्षं पुढे गेलीय. नातू उदबत्ती लावतो. भिंतीवर फोटो. धाकटी सून म्हणते, "आजी जाऊन एक हिवाळा झाला." झालं. पुढच्या ओळीत नातवाच्या कंपनीची भानगड सुरू.

सासूबाईंनी ते पान उलटं करून मागची बाजू पाहिली. मागं कोरं होतं.

मी त्यांना मेकअपच्या खोलीत घेऊन आले. प्रेमानं नाही, खरं सांगते. आमचं कधी फार गूळपीठ नव्हतं. त्या शूटिंगच्या मध्ये घोरायच्या, माझा पंखा स्वतःकडे वळवायच्या, आणि मला नेहमी सांगायच्या की मी रडताना नाक जास्त ओढते. पण दिवे बंद होते, बाहेर सगळे घुटमळत होते, आणि कुणीतरी त्यांना आत आणायला हवं होतं.

"घेऊन टाका ना पाकीट," मी म्हटलं. "एवढं काय त्यात? सगळेच जाणार आहेत. मला तिसऱ्या भागात तुरुंगात टाकतायत."

"तुला टाकतायत. म्हणजे पोलीस येणार, बेड्या घालणार, तू किंचाळणार. मला काय आहे? फोटोचा खिळा."

"मग काय हवंय तुम्हाला?"

त्यांनी आरशात बघत केसातला चाप काढला, परत लावला. "पंधरा वर्षं मी या घरात भात वाढलाय. तुझा सासरा मेला तेव्हा चार भाग रडलो आपण, आठवतं? मधला मुलगा मेला तेव्हा तू सुतकातले तागाचे कपडे घालून, रीतीप्रमाणे फाटकापासून रांगत आलीस. मीच कितीजणांची प्रेतं कवटाळलीत, देव जाणे. मला एकदा हवंय ते. माझं."

मी हसले. "अहो, खरं थोडंच आहे ते."

"खऱ्याला कोण येणारे?" त्या सरळ म्हणाल्या, भाव विचारल्यासारखं. "नवरा गेला. मूल नाही. भावाची पोरं कॅनडात, ती फुलं पाठवतील. मयतघरवाले एक भाड्याची बाई आणतील, ती माईक हातात धरून रडेल, आणि मधे पाणी प्यायला थांबेल. मी बघितलंय. त्यापेक्षा तुम्ही बऱ्या. तुम्हाला निदान सराव आहे."

 मी पंखा त्यांच्याकडे वळवला.

डायरेक्टर चान आली, दार वाजवून. हातात तिची ती टॅबलेटची पाटी. तिनं खुर्ची ओढली, सासूबाईंच्या समोर बसली आणि आलेख दाखवला. "आजी, मी तुमच्यापासून लपवत नाही. लोक कुठला प्रसंग बोटानं पुढे ढकलतात ते आम्हाला दिसतं. रडण्याचे प्रसंग सगळ्यांत जास्त ढकलतात. आणि तुमचे प्रसंग."

"सगळेच ढकलतात?"

"नाही, सगळे नाही."

"जे ढकलत नाहीत, ते बघतात ना मग?"

चान जरा अडखळली. खोटं बोलायची सवय नव्हती तिला, बिचारी. "त्यातले बरेच झोपलेले असतात, आजी. ॲप आपोआप चालू राहतं."

सासूबाई एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "अगं मग मोठ्यानं रडू दे की! उठतील तरी!"

चानही हसली, पण हो म्हणाली नाही. खो शेठ दारात हात चोळत उभे होते. पाऊण तास घासाघीस चालली, मासळीबाजारात चालते तशीच. सासूबाईंना रांगणं हवं, तागाचे कपडे हवेत, सगळं घर हवं. चानकडे एक मिनिट होतं. शेवटी ठरलं ते असं: सासूबाई पलंगावर. हात पांघरुणावरून खाली घसरतो. थोरली सून चहा घेऊन येते, बघते, कप ठेवते, पलंगाच्या कडेला बसते. शब्द नाही. रडणं नाही.

"नुसती बसू?" मी विचारलं.

"नुसत्या बसा, बी-शिआ ताई. चेहऱ्यावरसुद्धा काही करू नका. तुम्ही केलंत की मला दिसतं."

आयुष्यभर मला मोठ्यानं बोलायचे पैसे मिळाले. पण वाद घालण्यात अर्थ नव्हता. सासूबाईंनी पाकीट घेतलं, दोन्ही हातांनी, न उघडता उशीखाली सारलं. मचाणावर दिवे लागले.

प्रसंग चांगला झाला. मला तसं म्हणायला जड जातंय, पण झाला. त्या एवढ्या हळू गेल्या की कप हातात घेऊन उभी असलेली मी क्षणभर खरंच घाबरले. मी बसले. चेहऱ्यावर काही केलं नाही. गादी जरा खचली आणि त्यांचा हात माझ्या मांडीला लागला, ऊन होता.

"कट," चान म्हणाली. "फार सुंदर. पुढचं लावा."

आणि माणसं पुढचं लावायला लागली. कुणीतरी संत्री उचलली, कुणीतरी वायर गुंडाळायला घेतली. पलंगावर म्हातारी डोळे मिटून पडलेली, आणि तिच्या पायाशी एकजण मोजपट्टी लावतोय. माझं डोकंच फिरलं. कुणावर, ते आजही सांगता येणार नाही. चानवर म्हणाल तर तिचं काही चुकलं नव्हतं. मी उठले, सेटच्या बाहेर गेले, पार त्या रंगवलेल्या लाकडी फाटकापर्यंत, आणि तिथं गुडघे टेकले.

"आई गं!" मी ओरडले. "आई, तुमची थोरली आली हो! वाईट सून आली! दार उघडा!"

फाटकापासून रांगत निघाले. फरशी सिमेंटची, गुडघे सोलवटले, पण आवाज लागला होता. मी तिला सांगितलं की सूपमध्ये पूड मी घातली. सांगितलं की दागिने मी चोरले, मधल्याला कर्जात मी बुडवलं, आणि तिनं सगळं माहीत असून मला वाढायचं कधी थांबवलं नाही. माझ्यामागे धाकटी जाऊ गुडघ्यांवर आली. ती खरं तर माझ्याशी दोन वर्षं बोलत नव्हती, मालिकेच्या नामावलीत कुणाचं नाव आधी यावं यावरून. तिच्यामागे दोन्ही मुलगे, नातू, मोलकरीण. वरून आ-बिंगनं पलंगावरचा दिवा हळूच मंद केला. मी नाक ओढत होते, ओढू द्या.

कॅमेऱ्यावरचा माणूस पुटपुटला, "चालू करू?" चान त्याच्याकडे न बघता म्हणाली, "नको." ती भिंतीला टेकून उभी होती, पाटी छातीशी धरून. पुढचं लावणारे जिथल्या तिथे थांबले होते.

सासूबाईंचे डोळे मिटलेले. पण त्या ऐकत होत्या. धाकटीनं "आई, आता माझ्या पोराला कोण झोपवणार" म्हटलं, तेव्हा त्यांची हनुवटी थरथरली. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, चला, हिला हवं होतं ते मिळालं. पलंगाशी गुडघ्यांवर बसूनच मी त्यांच्या पांघरुणाची घडी सारखी केली.

आता फक्त त्यांना उठवायचं राहिलं होतं. मेल्याचं सोंग घेतलेला माणूस आमच्याकडे आपला आपण उठत नाही. सगळ्यांनी जमायचं आणि त्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारून परत बोलवायचं. मालिकेतल्या नावानं नाही, ते तिथंच मरू द्यायचं.

आम्ही पलंगाभोवती जमलो. डोळे पुसले. खो शेठ पुढे झाले, खाकरले, तोंड उघडलं.

"लिआव..." ते म्हणाले. "लिआव..."

आणि थांबले. मला वाटलं, गळा दाटला. मी धाकटीकडे पाहिलं, ती माझ्याकडे बघत होती. नातू माझ्या कानाशी वाकला. "बी-शिआ ताई, नाव काय यांचं?"

मला ठाऊक होतं. असणारच ना! पंधरा वर्षं एका खोलीत मेकअप केलाय. त्यांचा डावा गुडघा दुखतो, त्यांना भातावर कोथिंबीर चालत नाही, नवऱ्याचा विषय काढायचा नाही, हे सगळं मला ठाऊक. पण जेवणाच्या डब्यावर लिहिलेलं असायचं 'सासू'. खुर्चीच्या पाठीवर 'सासू'. रोजच्या पानांवर 'सासू'. माझ्या फोनमध्येसुद्धा 'सासू'. पोरं म्हणायची आज्जी, मोठी माणसं म्हणायची आज्जी. मी तोंड उघडलं आणि जिभेवर काहीच नव्हतं. मला इतकी शरम वाटली की मी खाली फरशीकडे बघायला लागले.

वर आ-बिंग वायरीशी चाळा करत बसला. खो शेठनी घाईघाईनं खिशातून फोन काढला आणि अंगठ्यानं काहीतरी शोधायला लागले.

सासूबाई डोळे मिटून वाट बघत होत्या. त्यांना ऐकू येत होतं, आम्ही किती गप्प आहोत ते. त्यांनी एक श्वास घेतला, आणि डोळे न उघडता, स्पष्ट, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाल्या,

"लिआव होंग-गिम. ऊठ गं बाई, ऊठ."

मग त्या उठून बसल्या, पाय खाली सोडले आणि चपला शोधायला लागल्या.