खालच्या मशीनवरचा माणूस

“नुसता काटा पाहू नको वं. कान लाव,” ताराचंद म्हणाला.

करिष्मा ऑक्सिजनच्या मशीनच्या टाकीजवळ वाकली. आत हवा भरली, क्षणभर थांबली आणि फुस्स करून सुटली.

“आता बाजूच्या टाकीतून आवाज येईल,” तो म्हणाला, आणि तसाच आला. “दोन्ही टाक्यांची आलटापालट चुकली का मले फोन कर.”

“पण काका, उद्यापासून तुम्ही तर नाही.”

“ड्यूटीवर नाही. फोन तर हाये.”

ताराचंद मूळचा कामठीचा, पॉवरलूमवरचा कामगार. कोरोनाच्या टाळेबंदीत माग थांबले आणि पुढच्या लाटेत त्याचाच श्वास अडकला. याच सरकारी इस्पितळाच्या व्हरांड्यात तो दोन दिवस सतरंजीवर पडून होता. शोभाताई सिस्टरने कुठून तरी एक सिलेंडर घरंगळत आणला, म्हणून तो वाचला. साथ ओसरल्यावर सरकारने इस्पितळांसाठी हात सैल सोडला. हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन मागच्या शेडमध्ये बसलं, वॉर्डांत नळ्या फिरल्या, वर नवजात बाळांसाठी खोली झाली. ताराचंद मशीन चालवायला शिकला आणि कंत्राटावर लागला.

पुढे साथ लोकांच्या बोलण्यातून गेली, तशी सरकारी कागदांतूनही गेली. यंदा मशीन ठेवलं, पण ते चालवणाऱ्याचं पद पुढे मंजूर झालं नाही. जाण्याआधी कायम नोकरीतल्या कोणाला तरी शिकवून जा, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं.

“काहून शिकवतं गा?” दुसऱ्या वॉर्डातल्या कंत्राटी चंपतरावांनी त्याला बाजूला घेतलं. “कोणालेच नाही आलं, तर तुलेच ठेवतील.”

 ताराचंदच्या घरी मुलीचं, मोनालीचं, नर्सिंगचं दुसरं वर्ष चालू होतं. दोन दिवस तो आज शिकवू, उद्या शिकवू करत राहिला.

तिसऱ्या दिवशी त्याची सुट्टी होती. दुपारी फोन वाजला. “लाइट गेली होती, ताराचंदभाऊ,” शोभाताई म्हणाल्या. “आली, पण मशीन सुरू नाही होऊन राहिली. सिलेंडर लावले हायेत. लवकर या.”

तो मिळेल त्या ऑटोने निघाला. पोचला तेव्हा शेवटचा सिलेंडर लागला होता. करिष्मा, वॉर्डातली कायम नोकरीतली परिचर, रिकामे सिलेंडर बाजूला सारत होती.  मशीन सुरू करायला त्याला चार मिनिटं लागली. चार मिनिटांचं काम, आणि एवढ्या मोठ्या इस्पितळात ते कोणालाच येत नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

“उद्या सकाळी लवकर ये,” त्याने करिष्माला सांगितलं.

महिनाभर ती येत राहिली. आज शेवटच्या दिवशी तिने एकटीने मशीन बंद केलं आणि पुन्हा सुरू केलं. तो हात मागे बांधून उभा राहिला.

निरोप घ्यायला तो शोभाताईंकडे गेला. इतक्या वर्षांत न बोललेलं तेव्हा बोलला. “सिस्टर, तुम्ही मले सिलेंडर आणून देला होता. व्हरांड्यात. म्हणून मी हावो.”

शोभाताईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. “खरं सांगू? त्या दिवसांतला एकबी चेहरा आठवत नाही मले.”

“नसन आठवत. मले आठवते ना.”

त्या जिन्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, “वर चाला माझ्यासंग.”

नवजात बाळांच्या खोलीत तो कधीच गेला नव्हता. चपला बाहेर काढल्या, हात धुतले, मास्क लावला. आत काचेच्या पेटीत ओंजळीएवढी मुलगी होती. नाकाशी बारीक नळी. शेजारच्या स्टुलावर तिची आई, मौद्याकडची गुंजन.

“हे ताराचंदभाऊ,” शोभाताई तिला म्हणाल्या. “तुह्या पोरीची हवा हेच पाठवत होते खालून.”

गुंजन उठली.  तिने पदराने स्टूल पुसलं आणि त्याच्यापुढे सरकवलं. “बसा ना काका.”

तो बसला. मुलीच्या काडीसारख्या बरगड्या उठत होत्या, बसत होत्या. ताराचंद कितीतरी वेळ बघत राहिला. भेटीची वेळ संपली, तरी त्याला कोणी ऊठ म्हटलं नाही.